दुहेरी मारा

मरणाची तारीख पत्राने कळवणे असभ्य ठरल्यापासून तारखा काढणाऱ्या केंद्राचा माणूस स्वतः घरी येई. येताना हातात काही खाऊ असावा की नाही, यावर समिती बसली होती. ती अजून उठली नव्हती.

त्यामुळे सांगलीत बुद्धिबळ शिकवण्यात हयात घालवलेल्या घुमटकर सरांकडे डॉ. मृण्मयी ढवळे आली ती रिकाम्या हातानेच.

"येत्या फाल्गुनात, सर."

"म्हणजे द्राक्षं खाऊन. छान. पण हे कळतं कसं हो तुम्हाला?"

"तुमच्याच खेळासारखं. पटावर मोजके मोहरे उरले की यंत्र शेवटपर्यंतचा डाव बिनचूक सांगतं. माणसाचंही तसंच निघालं. भोवती माणसं, भांडणं, काळज्या भरपूर असल्या की हिशोब लागत नाही. त्यांना आम्ही मोहरेच म्हणतो. सातापेक्षा कमी झाले की लागतो. तुमचे तीन आहेत. भाचा, पेपरवाला आणि गुडघा."

"गुडघाही धरता?"

"रोज बोलता ना त्याच्याशी."

सर खुलले. "मग डाव मध्यावरच ठेवायला हवा. उगाच मारामारी करून पट मोकळा करायचा नाही, ताण टिकवायचा. कोपऱ्यात पडलेला मोहरा कामाला लावायचा. संधी आपण होऊन समोर येते."

त्यांनी सोसायटीच्या चेअरमनशी पाण्याच्या टाकीवरून वैर धरले, एक लंगडे मांजर पाळले आणि तबल्याचा क्लास लावला. मृण्मयी दर गुरुवारी फेरहिशोबाला येई. यंत्र 'फाल्गुन'वरून 'बहुधा फाल्गुन'वर आले.

"एक मोहरा कमी पडतोय, सर."

"बघू. तोवर एक डाव टाकू."

तिला खेळ येत होता, पण दिसेल ते मारून टाकायची.

"इतकी घाई कशाला गं?"

"पट मोकळा झाला की बरं वाटतं. पुढचं सगळं दिसतं."

सरांनी चष्म्यावरून पाहिले. "स्वतःची तारीख काढलीयस वाटतं."

"आई गेल्यावर. खूप लांब आहे. आता कशाचीच भीती वाटत नाही."

सरांनी भडंगाची बशी तिच्याकडे सरकवली.

संक्रांतीनंतरच्या गुरुवारी यंत्राच्या पडद्यावर एवढेच आले: हिशोब लागत नाही. मृण्मयी उडालीच. "सर! सातवा कोण मिळाला?"

"आता तुझं नाव घाल."

तिने घातले. पडदा तसाच. सरांच्या पटावर ती आली होती, तिच्या पटावर सर. आणि सरांमागोमाग मांजर, तबला आणि चेअरमनसुद्धा.

"घोडा एकच हलवला," सर म्हणाले. "मारा दोन घरांवर."

पुढच्या गुरुवारी कितीदा बेल वाजवली तरी दार उघडेना. आत मांजर ओरडत होते. मृण्मयी मुठींनी दार बडवू लागली.

शेवटी सपाता फरफटत आल्या. "अगं हो, हो! कान गेलेत माझे. बाकीचा आहे अजून."

ती रडत होती. "मला माझी तारीख परत द्या."

"खेळलेली चाल परत घेता येत नाही, पोरी," सर म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.

ती पटाशी बसून मोहरे मांडू लागली. आतला कपबश्यांचा आवाज मध्येच थांबे, तेव्हा तिचा हात तसाच अधांतरी राही.