वजा एक खांब

प्रयोगशाळेतल्या काचेच्या टेबलावर सहा मजली इस्पितळ उजेडाचं होऊन उभं होतं. पायापासून गच्चीपर्यंत पांढरंशुभ्र.

"तांबडं कुठेच नाही," डॉ. मृणाल देवस्थळी म्हणाल्या. नकाशा आणि इमारत यांतला फरक दाखवणारं हे यंत्र, बदलदर्शक, त्यांनीच बनवलेलं. "मंजूर नकाशा आणि आजची मोजणी यांत बोटभर फरक असता, तरी तिथे तांबडं उमटलं असतं. म्हणजे बांधकाम नकाशाबरहुकूम आहे. स्लॅब तडकला तो कच्च्या कामामुळे. अहवालात मुकादमांचं नाव जाईल."

मुकादम रावजी शिंगटे भिंतीलगत बसून होते. तडा गेल्यापासून, म्हणजे दीड वर्ष, त्यांना कोणी कामावर उभं केलं नव्हतं. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर समोर बसलेले, हे इस्पितळ बांधून घेणारे निवृत्त अभियंते शशांक बेंद्रे यांना बरं वाटलं असतं.

कारण पांढऱ्याचं गुपित बेंद्र्यांना ठाऊक होतं. सात वर्षांपूर्वी, उद्घाटनाची पाटी फाटकातून दिसावी म्हणून त्यांनी तळमजल्याच्या प्रवेशदालनातला एक खांब वगळायला लावला होता. तोंडी.

"साहेब, वरचा भार कुठं जाणार?" शिंगट्यांनी विचारलं होतं.

"ते वरचे बघतील."

मग खात्याच्या रिवाजाप्रमाणे, जसं बांधलं तसा नकाशा काढून त्यालाच मंजुरी घेतली. फरक उरलाच नाही. नीटनेटक्या कागदपत्रांबद्दल बेंद्र्यांना प्रशस्तिपत्रक मिळालं होतं.

त्यांनी पिशवीतून पिवळा पडलेला नकाशा काढला. "मूळचा हा. यात खांब आहे."

देवस्थळींनी तो यंत्राला दाखवला. दालनात तांबडा खांब उभा राहिला. बेंद्र्यांना हायसं वाटतंय तोवर खाली अक्षरं आली: 'नवा प्रस्ताव. एक खांब वाढवणे. सुचवणार: बेंद्रे. दिनांक: आज.'

"यंत्राचं बरोबर आहे," देवस्थळी म्हणाल्या. "मंजूर कागद म्हणजे तुमचा दुसरा नकाशा. ते खरंखोटं बघत नाही, फरक बघतं. ज्यानं सही केली त्यानंच ती मागे घ्यायला हवी."

"मी सांगतोय ना."

शिंगटे पहिल्यांदाच बोलले. "तेव्हाबी तुमी तोंडी सांगितलंच होतं साहेब. आता लिहून द्या."

बेंद्र्यांनी चार ओळी लिहिल्या, खाली सही केली. यंत्राने त्या वाचल्या आणि त्या खांबावर तोलायची ती दालनापासून गच्चीपर्यंतची इमारत तांबडी होत गेली. बदल: एक. करणार: शशांक बेंद्रे.

शिंगटे टेबलाजवळ येऊन वाकून बघू लागले. त्यांचं वाया गेलेलं दीड वर्ष त्या तांबड्यात कुठेच नव्हतं. ते कसं जायला हवं होतं, याचा नकाशा कोणी मंजूर करून घेतलेला नव्हता.