चरकावरचं झाकण

मालक, गेणूची बोटं माझ्यापायी गेली, असं तुम्ही गावभर सांगितलंत. खोटं सांगितलंत. आता खरं माझ्याकडून ऐका.

निरवांगीहून पेरूची पाटी घेऊन मी कळंबच्या बाजाराला निघाले होते. तुमच्या गुऱ्हाळापाशी उकळत्या रसाचा वास आला आणि पाय थबकले. गेणू चरकात ऊस घालत होता.

"पेरू गोड हायत का गं?"

"पाटीकडं बघून इचारा की. माझ्याकडं काय बघताय?"

तो लाजला... कानापर्यंत लाल झाला. दुसऱ्या दिवशीही मी तीच वाट धरली. जवळची वाट दुसरी होती, ते त्यालाही ठाऊक होतं. मग मी रोज एक पेरू कुंपणावर ठेवायची, तो रसाचा तांब्या पुढं करायचा. बोलणं थोडंच व्हायचं.

औंदा तुम्ही बैल सोडून तेलाचं इंजिन लावलंत. बैल हाकेला थांबायचे. इंजिनाला हाक ऐकू येत नाही. दातेरी चाकांवर लोखंडी झाकण होतं. चिपाड अडकलं की ते उघडण्यात वेळ जातो, म्हणून तेही तुम्हीच काढायला लावलंत. त्या दिवशी मी पेरू ठेवला, गेणूनं मान वळवली, आणि डावा हात चाकांत गेला.

भरपाईचं विचारायला गेलो, तेव्हा इंदापूरच्या आबाजीराव वकिलांनी आम्हाला समजावलं. काळजी घेणं कुणाचं काम होतं, ते त्यानं केलं का, आणि न केल्यामुळंच इजा झाली का, एवढं कोर्ट बघतं. जखमी माणसाचं लक्ष कुठं होतं, हेही विचारतं.

हे शेवटचं ऐकून गेणू उठला. बाहेर लिंबाखाली बसून म्हणाला, "चूक माझीच, असं लिहून देतो मालकास्नी. अंगठा तेवढा शाबूत ठेवलाय त्यांनी."

"का?"

"कोर्टात तुझं नाव निघंल, सारजा. लोक हसतील."

पट्टी बांधलेला हात त्यानं उपरण्याखाली लपवला होता. मी तो बाहेर काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"तुमी माझ्याकडं बघत हुता का न्हाय?"

"...व्हय."

"मीबी बघत हुते. मग लपवायचं काय?"

त्यानं पट्टीकडं बघितलं. मग म्हणाला, "असल्या हाताच्या माणसाला तुझं वडील पोरगी देतील व्हय?"

"त्यास्नी इचारूनच आलीया."

कोर्टात तुमच्या वकिलानं हसत हसत मला विचारलं, हा इसम तुझ्याकडं बघत होता काय? मागं लोक खुसखुसले. मी सांगितलं, व्हय, रोज बघायचा, आणि मला ते आवडायचं. माणूस हाय, वाटेवर कोण आलं तर मान वळणारच. म्हणून तर चाकावर झाकण असतं.

खुसखुस थांबली. जज्जसाहेबांनी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही उपरण्यानं तोंड पुसलंत आणि पुढची तारीख मागितलीत.

त्या तारखेला मी गेणूची बायको म्हणून येईन. त्याचं बघणं, माझं बघणं, सगळं चारचौघांत सांगून झालं. आमच्याकडं लपवण्यासारखं काही उरलं नाही.

आता तुम्ही सांगा, मालक. झाकण कुठं होतं?