दहावे वाक्य

वाचनालय समजून तो आमच्या प्रयोगशाळेच्या शीतकक्षात शिरला होता. बाहेर काढला तेव्हा चष्म्यावर बाष्प धरले होते.

“पुस्तकं इतकी थंड का ठेवता?” समोर कोण आहे हे न दिसताच त्याने विचारले.

पहिल्या भेटीतल्या प्रेमावर माझा विश्वास नाही; एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये. पण निरीक्षणे वाढत गेली. तो आठ महिन्यांसाठी हिमनदीवर जाणार होता आणि जाणाऱ्यांची चाचणी घेणे हे माझे काम. उणे वीस अंशांत, जाड हातमोजे घालून, पेन्सिलीने दहा वाक्ये लिहायची. काचेपलीकडून मी ती स्पीकरवर मोठ्याने वाचायची. एक जरी वाचता आले नाही तर नापास. फेरचाचणीतही नापास, तर जाणे रद्द.

तो रोज सरावाला येई.

“आई म्हणते, हे अक्षर वाचायला औषधाच्या दुकानातलीच सून आणावी लागेल.”

“मी मापनशास्त्रातली आहे,” मी म्हणाले... आणि आपण काय बोललो ते मग लक्षात आले.

चाचणीच्या दिवशी नऊ वाक्ये मी सहज वाचली. वारा ईशान्येचा. बर्फ दोन मीटर. दहावे त्याने काचेला लावले – ‘मी परत येईपर्यंत माझी वाट पाहाल?’

अक्षर कधी नव्हे इतके स्वच्छ होते.

“अक्षर लागत नाही,” मी म्हणाले.

“एकही शब्द?”

“नाही.”

“बरं... उद्या नीट लिहितो.”

अकरा वर्षांतली माझी ती पहिली खोटी नोंद. घरी आल्यावर लक्षात आले, आणखी एक खोटी नोंद केली की तो जाणारच नाही. हा विचार मला झोपेपर्यंत पुरला.

सकाळी त्याने पेन्सिल उचलण्याआधीच मी बटण दाबले. “थांबा. कालची नोंद चुकली आहे. दहावं वाक्य वाचता येत होतं.”

आणि ते मी मोठ्याने वाचले. आवाज मध्येच कापला. थंडी तर काचेपलीकडे होती.

“म्हणजे मी पास?” तो हळूच म्हणाला. “की...”

“पास. दुपारची गाडी चुकवू नका.”

जुनी नोंद एका रेघेने खोडली. शेऱ्याच्या रकान्यात एक शब्द लिहिला आणि वही काचेला लावून धरली. माझे अक्षर त्याच्याहून वाईट.

त्याने ते नियमाप्रमाणे मोठ्याने वाचले –

“पाहीन.”