बोलत बसलं की उशीर होतो

बसा, असे इकडे बसा, दिव्याजवळ. चहा होईपर्यंत सांगतो.

आमच्या बारकीची शाळेची बस पावणेसातला यायची. बायको नर्स, आणि त्या हिवाळ्यात तिला रात्रपाळी लागली होती. ती घरी परतायची तेव्हा बस कधीच निघून गेलेली असायची. त्यामुळे पोरीला उठवणं, दात घासायला लावणं, आंघोळ, गणवेश, डबा आणि केस हे सगळं माझ्या गळ्यात आलं होतं. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासणारा माणूस. केसभर चूक चालत नाही असं काम दिवसभर करतो, पण सात वर्षांच्या पोरीच्या केसांपुढे मी हात टेकले होते. सगळे केस मुठीत धरायचे आणि रबर लावून मोकळं व्हायचं. ती आरशात बघून म्हणायची, "बाबा, झाडू झालाय."

घर नवं होतं, म्हणजे आम्हाला नवं. भाड्याचं, वरच्या मजल्यावरचं, खाली एक बंद गोदाम. जिना उतरला की अरुंद रस्ता, तो संपला की हमरस्त्याचं वळण, आणि वळणावर थांबा. थांबा कसला, एक खांब होता नुसता. तिथपर्यंत आमची रोज शर्यत. एका हातात दप्तर, दुसऱ्या हातात बारकी, तिच्या एका पायात बूट आणि दुसरा माझ्या काखेत. बसमधल्या मावशी दारातूनच ओरडायच्या, "अहो बाबा, उद्यापासून गादीसकट आणा तिला!"

आणि मग एके दिवशी शर्यत बंद झाली.

मी गजर बंद करून धडपडत उठलो, तर बारकी बाहेरच्या खोलीत स्टुलावर बसलेली. गणवेश घातलेला, बूट बांधलेले, दप्तर पाठीला. दोन घट्ट वेण्या, मधोमध सरळ भांग. मला वाटलं, बायको लवकर आली. स्वयंपाकघरात डोकावलो, कुणी नव्हतं.

"तूच आवरलंस सगळं?"

तिने मान हलवली. हो म्हणाली की नाही, ते त्या घाईत मी बघितलं नाही. आपल्याला हवं तेच आपण बघतो. पोर शहाणी झाली, गंगेत घोडं न्हालं, असं म्हणून मी तिला थांब्यावर घेऊन गेलो. मावशींनी डोळे विस्फारले. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्याही. बायको दुपारी लेकीच्या वेण्या बघून मला म्हणाली, "हात बसला की रे तुझा!" मला वाटलं, चेष्टा करतेय.

फक्त एक गोष्ट खटकायची. सकाळी उठलं की घरात एक वास असायचा. गरम कापडावर पाणी शिंपडल्यावर येतो ना, तसा. उबदार, जरासा करपट. आमच्याकडे इस्त्री नव्हती. कपडे समोरच्या इस्त्रीवाल्याकडे जायचे. म्हटलं, त्याच्याच दुकानातून येत असेल.

एका संध्याकाळी त्या इस्त्रीवाल्यानेच मला हटकलं. "काय साहेब, रागावलात का? पोरीचा गणवेश टाकत नाही हल्ली. घरी इस्त्री घेतलीत?"

मी उभाच राहिलो. खरंच, किती दिवसांत मी गणवेश दिलाच नव्हता. आणि तरी रोज सकाळी त्या स्कर्टच्या चुण्या सुरीसारख्या असायच्या.

रात्री बारकीला जवळ घेऊन सहज विचारावं तसं विचारलं, "पिल्लू, सकाळी तुला कोण उठवतं गं?"

"काकू."

"कुठल्या काकू?"

ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सांगायचं नाही. बोलत बसलं की उशीर होतो."

मी हसलो. हसू ओठांवरच राहिलं.

त्या रात्री मी झोपलो नाही. डोळे मिटून पडून राहिलो. बारकी माझ्या शेजारी पाय पोटाशी घेऊन झोपलेली. पहाट व्हायला अजून अवकाश होता. खिडकीबाहेर धुकं इतकं दाट की समोरच्या दिव्याचा नुसता पिवळा डाग दिसत होता. आणि मला आवाज आला. पाण्याचे थेंब... कापडावर शिंपडल्यासारखे. मग जड काहीतरी टेकवल्याचा. मग सरकवल्याचा. टेक, सरक... टेक, सरक. आणि तो वास, जसा काही उशाशीच.

मी शेजारी हात नेला. अंथरूण रिकामं. अजून ऊब होती.

उठलो. बाहेरच्या खोलीच्या दारात आलो. अंधारात बारकी स्टुलावर बसली होती, पाठ ताठ, हात मांडीवर. तिच्या मागे कुणी नव्हतं. कुणीच नव्हतं. पण कंगवा फिरल्याची बारीक करकर ऐकू येत होती, आणि प्रत्येक करकरीबरोबर तिचं डोकं किंचित मागे ओढलं जात होतं. मग तिच्या डाव्या बाजूचे केस उचलले गेले. त्यांचे तीन पेड झाले. एक पेड दुसऱ्यावर गेला, तिसरा मधून खाली आला... मी बघत होतो. माझ्या डोळ्यांसमोर ती वेणी वीत वीत वाढत होती.

"बारके..." मी हाक मारली.

तिने मान वळवली नाही. हळूच म्हणाली, "बाबा, लाईट नको लावूस. त्या चुकतात. मग पहिल्यापासून घालावी लागते."

मी लाईट लावला.

स्टुलामागे भिंत होती, फक्त भिंत. अर्धी वेणी बारकीच्या खांद्यावर पडली आणि आपोआप उलगडत गेली. आमचा निळा कंगवा जमिनीवर पडला. पोरगी रडायला लागली. भीतीने नाही हो! "आता उशीर होणार," म्हणून रडत होती.

सकाळी तिला बसमध्ये बसवून मी तडक इस्त्रीवाल्याकडे गेलो. तो कोळसे पेटवत होता. माझं तोंड बघून त्याने स्टूल पुढे केलं. मी सगळं सांगितलं. तो मध्ये एकदाही हसला नाही.

"तुमच्या आधी त्या घरात एक बाई होत्या," तो म्हणाला. "आई आणि लेक, दोघीच. माझ्याकडे कधी कपडे टाकले नाहीत त्यांनी. पोरीचं सगळं स्वतःच्या हाताने, अगदी टापटीप. एक दिवस बस चुकली. एकच दिवस. पोर बसच्या मागे धावली, वळणावर. मागून ट्रक आला..."

त्याने एक निखारा चिमट्याने आत ढकलला.

"पुढे त्या बाई रोज थांब्यावर जाऊन उभ्या राहायच्या. बसच्या आधी. मग त्याच्याही आधी. काळोखात जायला लागल्या. आम्ही समजावलं, तर म्हणायच्या, आता उशीर होऊ द्यायचा नाही. एकदा अशाच धुक्यात गेल्या. परत आल्याच नाहीत. साहेब, मालकाने तुम्हाला सांगायला हवं होतं."

बायकोला फोन करून सांगितलं. ती हॉस्पिटलमध्ये मरण रोज बघणारी बाई, भुताखेतांवर विश्वास नाही. पण ती लगेच म्हणाली, "घर सोडायचं." संध्याकाळपर्यंत ओळखीने दुसरं घर ठरलंसुद्धा. किल्ली दुसऱ्या दिवशी मिळणार होती. बायकोला त्या रात्रीची रजा काही मिळाली नाही. एकच रात्र. म्हटलं, सगळे दिवे चालू ठेवून काढू.

दाराला आतून कुलूप लावलं. वरची कडी लावली, तिथवर बारकीचा हात पोचणं शक्य नव्हतं. किल्ली उशीखाली ठेवली, आणि पोरीचा हात माझ्या मुठीत घट्ट धरून पडलो. आदल्या रात्रीचं जागरण होतं. कधी डोळा लागला, कळलं नाही.

जाग आली तेव्हा घरात अंधार होता. मूठ तशीच घट्ट मिटलेली. मुठीत तिच्या पांघरुणाचं टोक होतं, नीट घडी घातलेलं.

दार सताड उघडं. कुलूप कडीत अडकवून ठेवलेलं, किल्ली त्यालाच.

मी अनवाणी धावलो. जिना कसा उतरलो, देव जाणे. रस्त्यावर धुक्यात आपलाच हात आपल्याला दिसत नव्हता. "बारके! बारके!" ओरडत होतो, आणि आवाज दोन पावलांवर जाऊन विरत होता. धाप लागली की थांबायचो. मग पुढून ऐकू यायचे, तिच्या बुटांचे छोटे आवाज. टप, टप, टप. घाईघाईने. त्यांच्या बरोबरीने दुसरं काहीच वाजत नव्हतं.

वळणावर ती दिसली. खांब मागे टाकून थेट हमरस्त्याच्या कडेला उभी होती. दोन वेण्या, दप्तर, कडक गणवेश. आणि तिचा उजवा हात वर उचललेला, बोटं मिटलेली. मोठ्या माणसाचा हात धरून मूल उभं राहतं, अगदी तशी.

धुक्यात दोन दिवे उगवले. मोठे होत होते.

"बस आली," बारकी म्हणाली, आणि तिने रस्त्यात पाऊल टाकलं.

ती बस नव्हती. बसचा आवाज मला पाठ होता. हे काहीतरी अवजड होतं, उतारावरून सुसाट येणारं. मी झडप घालून तिला कमरेला धरलं आणि मागे खेचलं. ती आली नाही. पोर केवढीशी, एका हाताने उचलतो मी तिला रोज. पण तिचा तो उजवा हात हवेत ताणला गेला, आणि त्यापुढे ती तसूभर हलेना. पलीकडून कुणीतरी तितक्याच जिवाच्या आकांताने ओढत होतं.

"बाबा, दुखतंय... त्या सोडत नाहीत."

दिवे अंगावर येत होते. जमीन थरथरायला लागली. मी आणखी जोर केला असता तर पोरीचा हात खांद्यातून निखळला असता. काय सुचलं मला, कोण जाणे. त्या रिकाम्या जागेकडे बघून मी बोलायला लागलो. ओरडलो नाही. रात्री बारकीला समजावतो, तसा बोललो.

"ताई... ही बस नाही. बस यायचीय अजून. उशीर नाही झाला हो. आज उशीर नाही झाला..."

क्षणभर काहीच झालं नाही. माझ्या चेहऱ्यावर कुणाचा तरी श्वास आला. गरम, ओलसर, इस्त्रीच्या वाफेसारखा.

मग ओढ सुटली. आम्ही दोघं मागे उताणे पडलो आणि पायांपासून हातभर अंतरावरून ट्रक धडधडत निघून गेला. चालकाला आम्ही दिसलोही नसू. बारकी माझ्या छातीवर पडून थरथरत होती. मी तिला उचललं. मागे न बघता इस्त्रीवाल्याचं दार गाठलं आणि उजाडेपर्यंत दोघं त्याच्या निखाऱ्यांपाशी बसून राहिलो.

त्याच दिवशी आम्ही घर बदललं. नवं घर छान आहे. वर-खाली माणसं, शेजारी भांडणं, सगळा गजबजाट. बायकोची रात्रपाळी संपली. आता सकाळी आम्ही दोघं मिळून धांदल करतो, पोर रोज रडते, रोज बूट सापडत नाही. ते ऐकून मला इतकं बरं वाटतं म्हणून सांगू! बस तीच आहे. जुन्या वळणावरून येते, आणि मग आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबते.

काल बारकीला चढवल्यावर मावशी खाली उतरल्या. असं त्या कधी करत नाहीत. चालकाला थांबायची खूण केली आणि मला बाजूला घेतलं.

"बाबा, एक विचारू का? तुमच्या जुन्या थांब्यावर आता कुणीच चढत नाही. पण आमचे ड्रायव्हरकाका तिथे रोज गाडी थांबवतात. का थांबवता म्हटलं, तर म्हणतात, पाय आपोआप ब्रेकवर जातो. मी दार उघडते, बाहेर कुणी नसतं. आणि... पायरी दबते. कुणी चढल्यावर दबते ना, तशी."

मी विचारलं, "आणि शाळेशी? शाळेशी कुणी उतरतं?"

"नाही हो." मावशींनी पदर घट्ट आवळून घेतला. आवाज आणखी खाली आणला. "तेच तर सांगायचंय तुम्हाला. पायरी परत दबते ती इथे. तुमची पोरगी चढायच्या आधी."