चौथ्या फेऱ्याला अडणारा बोल्ट

शटर अर्ध्यावर आलं होतं. तरी ती वाकून आत शिरली, आणि आतून शटर ओढणाऱ्या माणसाच्या छातीवर तिचं कपाळ दाणकन आपटलं.

"बंद झालंय," तो म्हणाला. "जेवायची वेळ आहे."

"अर्धंच झालंय," ती कपाळ चोळत म्हणाली. "उरलेल्या अर्ध्यात माझं काम होईल."

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने शटर पुन्हा वर ढकललं.

दुकान कसलं, बोळच तो. दोन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर पत्र्याचे डबे, डब्यांत नट, बोल्ट, वॉशर. आत लोखंडाचा आणि तेलाचा वास. टोकाला खुर्चीवर त्याची आत्या डबा उघडून बसली होती. दुकान तिचं. सगळी गल्ली तिला आत्याच म्हणायची.

आत आलेल्या मुलीने रुमालाची गाठ सोडून एक बोल्ट काउंटरवर ठेवला. "असे सोळा हवेत. स्पीकर लाकडी खोक्यात बसवायचेत. एका स्पीकरला आठ, असे दोन. जुने बोल्ट धड घट्टही होत नाहीत आणि निघतही नाहीत. गाणं लागलं की सगळं खोकं खडखडतं."

"दुरुस्ती कोण करतंय?"

"समोर उभी आहे."

हा प्रश्न तिला रोज यायचा. कोपऱ्यावरच्या तिच्या खोलीत शिरणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी तिच्या मागे कुणी दिसतंय का ते बघायचं. याने मात्र मान हलवली आणि बोल्ट उचलला. मोजपट्टी घेतली नाही. डोळे मिटून आट्यांवरून नख फिरवलं, हळूच... एखाद्याच्या तळहातावरची रेघ वाचावी तसं.

"हा मिलिमीटरचा आहे," तो म्हणाला. "तुमच्या खोक्यातले नट इंची असणार. जुना माल. दोघांच्या आट्यांत केसाइतका फरक. पहिले तीन फेरे गोडीत जातो, चौथ्याला अडतो. माणसाला वाटतं आपलाच जोर कमी पडला. मग जोर लावतो, आणि आटे जातात."

"मी नाही लावला जोर. माझ्या आधी कुणीतरी लावलाय."

"तुमच्या मनगटाकडे बघून तसं वाटत नाही."

ती हसली. तो हसला नाही, पण त्याचे कान लाल झाले. खुर्चीतून आत्या म्हणाली, "अरे, त्या बाईंना बसायला तरी दे."

त्याने एक रिकामं खोकं काउंटरच्या डाव्या टोकाला नेऊन ठेवलं. ती बसली. त्याने तीन डबे उपसले, पालथे घातले, बोटांनी चाळले आणि चार बोल्ट बाजूला काढले.

"आज एवढेच. इंची माल आता कुणी घेत नाही, शोधावा लागेल. उद्या या."

ती उद्या गेली. दोन मिळाले. परवा गेली, एक मिळाला. स्पीकर एका नृत्यशाळेचे होते, महिनाअखेरीच्या कार्यक्रमासाठी हवे होते. नृत्यशाळेच्या बाई एक दिवसाआड फोन करून "झालं का?" विचारायच्या आणि ती मोठ्या उत्साहाने "बोल्ट मिळायचेत" म्हणून सांगायची. इतका उत्साह कशाचा, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

त्या बोळात वेळ छान जायचा. तो डबे चाळायचा, ती बोलायची. तो कमी बोलायचा, पण तिचं बोलणं ऐकताना त्याची मान किंचित तिच्याकडे कललेली असायची.

"तुम्हाला कंटाळा नाही येत?" एकदा तिने विचारलं. "सगळे बोल्ट सारखेच तर दिसतात."

"तुम्हाला सगळी गाणी सारखी ऐकू येतात?"

"नाही."

"मग."

"एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होता तुम्ही."

"दोन बोललो असतो," तो डब्यात बघत म्हणाला, "पण दुसरा बोलायची... हिंमत व्हायला पाहिजे."

ती काउंटरवरचा एक वॉशर बोटावर फिरवू लागली. खुर्चीत आत्याने उगाचच खाकरून घसा साफ केला.

चौदा बोल्ट झाले त्या दिवशी तिला पत्र आलं. दुसऱ्या गावात गाणी ध्वनिमुद्रित करायचा एक मोठा स्टुडिओ होता, तिथे दोन वर्षांपूर्वी तिने अर्ज केला होता. जागा निघाली होती. एक तारखेला हजर व्हायचं होतं. आईने पत्र दोनदा वाचून घेतलं आणि पदराने डोळे पुसले. "पोरी, झालं तुझ्या मनासारखं," ती म्हणाली. लेकीलाही तसंच वाटायला हवं होतं. पण रात्रीची झोप उडाली आणि डोळ्यांपुढे सारखा तो बोळ येत राहिला.

मंगळवारी ती दुकानात गेली. नवा माल आला होता. तिच्या नेहमीच्या जागेवर पेट्यांची थप्पी लागलेली, म्हणून ती काउंटरच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिली. शेजारच्या दुकानात ग्राइंडिंगचं मशीन कर्रर्र चाललं होतं. तो एका डब्यात मान घालून बसला होता. ती त्याच्या अगदी जवळ उभी होती... शर्टाला लागलेल्या तेलाचा वास येईल इतकी.

आता नाही तर कधीच नाही, असं मनाशी म्हणत ती बोलून गेली. "मला दुसऱ्या गावात नोकरी मिळालीय. एक तारखेला जायचंय. पण तुम्ही... तुम्ही म्हणालात तर थांबेन मी."

त्याने मान वर केली. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओठ उघडले, मिटले.

"वरच्या फळीवर बघतो," तो म्हणाला आणि शिडी चढून गेला.

ती शिडीच्या पायरीवरच्या त्याच्या चपलांकडे बघत उभी राहिली. मग वळली. दारापाशी आत्याला म्हणाली, "आत्या, एक तारखेला मी गाव सोडतेय. उरलेले दोन बोल्ट मिळाले तर पाठवून द्या कुणाच्या हाती." आवाज शेवटपर्यंत सरळ राहिला, याचंच तिला नवल वाटलं.

पाच दिवस ती त्या बाजूला फिरकली नाही. भाजी आणायलासुद्धा लांबच्या रस्त्याने गेली.

सहाव्या दिवशी सकाळी तिच्या खोलीच्या दारात तो उभा. हातात कागदाची पुडी.

"कुणाच्या तरी हाती पाठवायचे होते," ती म्हणाली.

"मीच आलो... कुणाच्या तरी ऐवजी." तो आत आला. पुडी तिच्या टेबलावर ठेवली, पण हात पुडीवरून काढला नाही. "एक सांगायचंय. सोळाच्या सोळा बोल्ट मला दुसऱ्याच दिवशी सापडले होते."

"माहितेय. तिसऱ्या दिवशी काउंटरखालच्या डबीत दिसले मला."

तो चकित झाला. "मग रोज का यायचात?"

"बोल्ट न्यायला," ती कोरडेपणाने म्हणाली आणि पाना उचलला.

दोघांनी मिळून स्पीकर बसवले. तो खोकं धरायचा, ती बोल्ट फिरवायची. चौथा फेरा गेला, पाचवा, सहावा... बोल्ट नुसत्या बोटांनीही शेवटपर्यंत गेले. इतकं नीट जमलेलं काम तिने कधी केलं नव्हतं, आणि इतकं जड मनाने तर नाहीच.

मग तिने तारा जोडल्या आणि एकाच स्पीकरमध्ये बासरी लावली. तिला स्वतःला कळत होतंच, पण खोलीतली शांतता सोसवेना म्हणून सवयीने विचारलं, "कुठला वाजतोय? डावा की उजवा?"

तो खोलीच्या मधोमध उभा होता. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग पुढे होऊन एका स्पीकरच्या कागदी पडद्याला बोटांची टोकं लावली. मग दुसऱ्याला.

"डावा," तो म्हणाला.

तिने बटण फिरवलं. तो पुन्हा पुढे झाला, पुन्हा बोटं लावली.

"उजवा."

"लांबूनच सांगा की. हात कशाला लावताय?"

त्याने बोटं पडद्यावरून काढली. बासरी एकटीच वाजत होती.

"लांबून मला कळत नाही," तो म्हणाला. "उजवा कान गेलाय. सहा वर्षं कारखान्यात पत्रा ठोकायच्या प्रेसवर होतो, त्या आवाजात गेला. एका कानाने ऐकू येतं, पण आवाज कुठून येतो ते नाही समजत. तुमचं सगळं कामच आवाजाचं. तुम्हाला हे सांगायला... जीभ रेटेना."

तिने बासरी बंद केली. रोज काउंटरच्या डाव्या टोकाला ठेवलेलं ते खोकं तिला आठवलं. कललेली ती मानही.

"मंगळवारी मी कुठल्या बाजूला होते?"

"उजव्या. तुमचे ओठ हलताना दिसले. मशीन चालू होतं. काहीतरी महत्त्वाचं बोलताय एवढं कळलं, आणि 'परत सांगा' म्हणायची लाज वाटली. म्हणून शिडीवर चढलो. उतरलो तर तुम्ही नव्हता. नोकरीचं आत्याकडून कळलं."

ती टेबलाला वळसा घालून त्याच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. एकदा बोलणं सोपं होतं, तेच पुन्हा बोलणं फार अवघड.

"मी म्हणाले होते... तुम्ही म्हणालात तर थांबेन."

त्याने डोळे मिटले.

"मंगळवारी ऐकू आलं असतं तर थांबा म्हणालो असतो," तो हळूच म्हणाला. "तिथल्या तिथे. बरं झालं, नाही आलं."

"बरं झालं?"

"पाच दिवस विचार करायला मिळाला. दोन वर्षं वाट बघितलीत त्या जागेची, मागे एकदा आत्याला सांगताना ऐकलं होतं मी. माझ्यासाठी ती सोडली असती, तर पुढे कधीतरी नळाला पाणी नसेल, भांडण झालेलं असेल, आणि तुम्हाला तो स्टुडिओ आठवेल. ते मला नको. तुम्ही जा."

"बरं." ती खाली बसून तारांची गुंडाळी करू लागली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्याला दाखवायचं नव्हतं.

"पुरतं ऐका तरी."

"ऐकतेय. मला दोन कान आहेत," ती म्हणाली, आणि म्हणाल्याबरोबर जीभ चावली. वर पाहिलं तर तो चक्क हसत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, दात दिसतील असा.

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. "सकाळी सातची गाडी आहे. साडेनऊला पोचते. स्टँडपासून तुमचा स्टुडिओ चालत अकरा मिनिटं. काल जाऊन बघून आलो."

तारा तिच्या हातातून सुटल्या. "काल? आणि दुकान?"

"आत्या होती की. म्हणाली, मी काय शोभेला बसलेय का इथे, तू जा." तो तिने सोडलेली गुंडाळी सरळ करू लागला. "त्या गावात बोल्टची दोन दुकानं आहेत. एका मालकाला माल ओळखणारा माणूस हवाय. डबा पुढे केला, म्हणाला ओळखून दाखव. दाखवलं. पण हो नाही म्हणालो अजून. आधी तुमच्याशी बोलायचं होतं."

"माझ्याशी काय बोलायचं त्यात?"

"मी तिथे आलेलं... चालेल का?"

तिने मान डोलावली. एकदा, दोनदा. बाहेर रस्त्यावर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली, आणि तो सवयीने भलतीकडेच वळून बघायला लागला. तिने त्याची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला.

"इकडे बघ," ती म्हणाली.

मग आपणच दचकली. "बघा म्हणायचं होतं मला... चुकून गेलं तोंडातून."

"राहू दे," तो म्हणाला. "तू असंच म्हण."