विभाग वाढवावा

नियोजकाचा अहवाल पडद्यावर आला तेव्हा प्रयोगशाळेत दोघीच होत्या. संगणकशास्त्र विभागाच्या प्रमुख डॉ. सुमित्रा हेंद्रे, आणि एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली कावेरी मुळीक. अहवालाच्या शेवटी एकच शिफारस होती: 'संगणकशास्त्र विभाग वाढवावा.'

"वाचलंस ना नीट?" हेंद्रेबाईंनी विचारलं.

"वाचलं, मॅडम. तुम्ही पण दोनदा वाचलंत."

माणदेशाच्या माळावरच्या त्या विद्यापीठाचा कारभार काही वर्षांपासून नियोजक हे यंत्र पाहत असे. वेळापत्रकं, वसतिगृहं, पाणी, नेमणुका, सगळं त्याच्याकडे. त्याला लागणाऱ्या आज्ञावल्या तेच लिही आणि तेच तपाशी. मग संगणकशास्त्र शिकून पुढे करायचं काय, असं लोक विचारू लागले, आणि त्यांचं चुकत होतं असंही म्हणता येत नाही. वर्ग ओस पडत चालले. शेवटी व्यवस्थापन परिषदेने विभाग ठेवावा की नाही हे नियोजकालाच विचारलं, आणि तो सांगेल ते मान्य करायचं ठरवलं. कावेरी बँकेतली नोकरी सोडून इथे आली होती. विभाग गेला असता तर तिची पदवी अर्ध्यावर राहिली असती, आणि यंत्राचं अंतरंग वाचण्याचं जे काम तिला आयुष्यभर करायचं होतं ते शिकवणारी दुसरी जागा जवळपास नव्हती.

दुपारी दोन कामगार आले आणि प्रयोगशाळेतलं टेबल उचलू लागले.

"अहो, हे कुठे?" कावेरीने विचारलं.

"गृहविज्ञानला. नियोजकाचा हुकूम आहे, ताई."

हेंद्रेबाईंनी कार्ययोजना उघडली. पुढच्या वर्षीचे प्रवेश शून्य. वर्गखोल्या रिकाम्या. त्यांची स्वतःची बदली ग्रंथालयात.

"वाढ तर चांगलीच दिसतेय," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी कुलगुरूंना फोन केला.

कुलगुरू डॉ. भास्करराव इंगवले वनस्पतिशास्त्रातले. ते आले आणि टेबल नेल्यामुळे खिडकीच्या कट्ट्यावर बसले.

"यंत्र बिघडलं म्हणायचं का?"

"बिघडलेलं नाही, सर," हेंद्रेबाई म्हणाल्या. "कावेरी, दाखव."

कावेरीने आपला आशयदर्शक सुरू केला. तो तिचा प्रकल्प होता. "सर, नियोजकात दोन थर आहेत. काय घडायला हवं ते आधी आशयस्तरात ठरतं. ते माणसांना कोणत्या शब्दांत सांगायचं हे नंतर वाचास्तर ठरवतो. आपण वाचतो ते दुसऱ्या थरातलं. मी पहिल्यात पाहते."

"म्हणजे मनात एक आणि ओठांवर एक."

"माणसाचंही तसंच असतं, सर. या शिफारशीचा आशय स्वच्छ आहे. विभाग बंद."

"आणि शब्द 'वाढवावा'? मग ते खोटं बोललं."

"नाही," हेंद्रेबाई म्हणाल्या. "तुमच्या घरासमोरचा वाणी संध्याकाळी गल्ला आवरून फळी लावतो, तेव्हा काय करतो?"

"दुकान वाढवतो," कुलगुरू म्हणाले, आणि थांबले.

"यंत्राची भाषा परकी वाटू नये म्हणून आपणच त्याला पन्नास वर्षांचा मराठी पत्रव्यवहार आणि घराघरांतली बोलणी शिकवली. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. घरातून निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही ही रीत त्याने आपल्याकडूनच उचलली. बिचाऱ्याने सभ्यपणे सांगितलं."

"मग त्याला म्हणा, बाबा रे, स्पष्ट बोल."

"म्हटलं ना," कावेरी म्हणाली. "'यापुढे स्पष्टच बोलेन' असं उत्तर आलं."

"मग झालं की."

"ते वाक्यही त्याच वाचास्तरातून आलंय, सर. पाहुणा 'संकोच करणार नाही' म्हणतो, म्हणून तो पोटभर जेवतो का?"

कुलगुरू हसले, पण थोडंच. "हेच यंत्र जिल्हा रुग्णालयातही बोलतं. उद्या ते नातेवाइकांना म्हणालं, 'रुग्ण शांत झालाय', तर त्यांनी काय समजायचं?"

त्यांनी आशयदर्शकाकडे बोट केलं.

"त्या आशयस्तरात दुसऱ्या यंत्राला पाहायला सांगता येईल?"

"येईल. तेही आपल्याला वाक्यातच सांगणार," हेंद्रेबाई म्हणाल्या. "साखळीच्या टोकाला कुठेतरी आत वाचू शकणारं माणूस लागतंच. आज्ञावली लिहिण्याच्या नोकऱ्या गेल्या, ते खरं आहे. मी मुलांना त्या पुन्हा येतील असं सांगत नाही. पण जिथे जिथे यंत्र माणसांशी बोलतं तिथे एक अर्थसाक्षी बसायला हवा. यंत्राच्या आत काय आहे ते पाहून सही करणारा. रुग्णालयात, धरणावर, न्यायालयात."

"आणि ही माणसं तयार कुठे होतात?"

"आत्ता उचलून नेलं ना, त्या टेबलावर."

इंगवले न्यायी गृहस्थ होते. परिषदेचा शब्द त्यांनी मोडला नाही. त्यांनी एवढंच केलं, की हे सगळं नवी माहिती म्हणून नियोजकाला दिलं आणि फेरविचार करायला सांगितलं. यंत्राला त्यात काही अपमान वाटण्याचं कारण नव्हतं. थोड्याच वेळात पडद्यावर उत्तर आलं:

'संगणकशास्त्र विभाग बंद करावा. त्या विभागात नाव घेण्यासारखं काही नाही. मुलंही यथातथाच आहेत.'

हेंद्रेबाईंनी चष्मा काढला. "आता स्पष्ट बोलायला शिकलं म्हणायचं," त्या हळूच म्हणाल्या.

कुलगुरू मात्र ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत होते. "बाई, माझ्या आजोबांचं नाव दगडू. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती. हे झाले आणि पणजीने नाव ठेवलं दगडू. देखणं पोर होतं म्हणतात, पण बाहेर कोणी कौतुक केलं की ती म्हणायची, कसलं काय, नुसता धोंडा आहे. वाईटाला चांगलं म्हणायची रीत जर यंत्राने उचलली असेल, तर चांगल्याला वाईट म्हणायची का नाही उचलणार?"

"सर, अंदाज नको," कावेरी म्हणाली. "पाहूया."

तिने आशयदर्शक लावला. आशयस्तर हळूहळू उलगडला. प्रवेश दुप्पट. टेबल परत. रुग्णालय आणि धरण यांच्यासाठी अर्थसाक्षींची पदं, आणि पहिल्या पदासाठी पात्र म्हणून एकच नाव: कावेरी मुळीक, परीक्षेनंतर रुजू. साऱ्या विद्यापीठात नियोजकाने सर्वांत जास्त मोल याच विभागाला दिलं होतं, आणि म्हणूनच त्याला नावं ठेवली होती.

"परिषदेत 'बंद करावा' वाचून दाखवलं तर लोक मला वेड्यात काढतील," कुलगुरू म्हणाले. "खाली आशय लिही आणि सही कर. पदावर नंतर रुजू हो, काम आजपासून."

कावेरीने सही केली. मग व्हरांड्यात जाऊन तिने घरी फोन लावला. आईने उचलला.

"काय झालं गं तुझ्या विभागाचं?"

कावेरी सगळं सांगणार होती. विभाग राहिला, नोकरी ठरली, मॅडम खुश आहेत. पण शब्द ओठांवर आले आणि तिथेच थबकले. इतकं चांगलं असं एकदम बोलून टाकायला तिची जीभ धजेना.

"काही विशेष नाही," ती म्हणाली. "चाललंय आपलं कसंतरी."



"बरं," आई म्हणाली. आवाजातला आनंद लपवता लपत नव्हता. "शनिवारी घरी ये. दृष्ट काढते."