अंधारातला अर्धा तास

दार उघडलं, आणि हेस्टरचा अर्धा तास पाण्यात गेला.

"अहो, दार लावा!" ती कडाडली. "डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो. आता सगळं पुन्हा पहिल्यापासून!"

दारातल्या उंच तरुणानं चहाचा कप सावरत दार लावलं, पण आतून. हा विल्फ एन्टविसल, प्रयोगशाळेतला नवा मदतनीस. चुकून आत शिरलेल्यानं मोजणी संपेपर्यंत बाहेर पडायचं नाही, असा नियम. बसला बिचारा चाचपडत शेजारच्या स्टुलावर.

मँचेस्टरच्या सूतगिरणीत आठ वर्षं तुटलेला धागा लांबून हेरणारे डोळे होते हेस्टरचे. प्रोफेसर हॅलमनी तिला मुद्दाम इथं आणलं, सूक्ष्मदर्शकातून पडद्यावरच्या इवल्या ठिणग्या मोजायला. ठिणग्या कशाच्या, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"प्रोटॉनच्या," अंधारातून विल्फ म्हणाला. "यंदाच बारसं झालंय त्याचं. हायड्रोजनच्या अणूचा गाभा. आपण नायट्रोजनवर मारा करतो, तेव्हा त्याच्याही पोटातून हाच बाहेर उडतो."

"आणि दिसतो कसा?"

"तुमच्यासारखा. म्हणजे... दिसत नाही. नुसतं जाणवतं, की आहे."

हेस्टरला हसू फुटलं. "बरं. आणखी काय त्याचं?"

"त्याच्यावर धन भार, इलेक्ट्रॉनवर ऋण. इलेक्ट्रॉन त्याच्यापेक्षा अठराशे पटींनी हलका, पण भार दोघांचा अगदी बरोबरीचा. तसूभरही कमी नाही."

"म्हणजे चणीला नि वजनाला काडीची किंमत नाही तर! छान. मला बुटकी म्हणायचं नाही हं."

"मी कधी म्हटलं?"

"उजेडात म्हणाला असता."

त्या दिवसापासून विल्फ रोज मोजणीआधी येऊ लागला, खिशात आल्याच्या केकचा तुकडा घेऊन. केक देता देता बोटाला बोट लागायचं... आणि हात कुणीच मागे घ्यायचं नाही. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

पण लंडनच्या विद्वानांनी शंका काढली. गिरणीतल्या पोरीला जे हवं तेच दिसतं, म्हणाले. प्रोफेसरांनी कसोटी ठरवली. विल्फ बाहेरून तीन वेळा वायू सोडणार, कधी नायट्रोजन, कधी दुसरा; हेस्टर आतून ठिणग्यांचा आकडा सांगणार. चुकली, तर पुन्हा गिरणी.

"ऐक," आदल्या दिवशी विल्फ कुजबुजला. "नायट्रोजन असला की मी नळीवर टिचकी मारीन. एकच."



"विल्फ, गिरणीत परत जाईन मी. पण माझ्या डोळ्यांवर मेहेरबानी नको. टिचकी ऐकून मोजायचं, तर कानच ठेवायचे ना कामाला!"

विल्फ ओशाळला. आणि तिचा अभिमानही वाटला त्याला, अगदी ऊर भरून.

कसोटी सुरू झाली. पहिला वायू. आतून खणखणीत आवाज आला, "चार."

दुसरा. "एकही नाही."

तिसरा. विल्फनं स्वतःच्या हातानं नायट्रोजनचा सिलिंडर जोडला होता. त्याचं बोट नळीपर्यंत गेलं... आणि त्यानं ते मुठीत आवळून धरलं.

"एकही नाही."

नायट्रोजन असून एकही नाही? संपलं सगळं!

प्रोफेसर हॅलम मात्र गालातल्या गालात हसत होते. "तिसऱ्या सिलिंडरवरची चिठ्ठी मीच बदलली होती. आत ऑक्सिजन आहे, त्यातून प्रोटॉन उडत नाही. तुला ठाऊक असतं, एन्टविसल, तर तिलाही कळलं असतं. तुमच्या केकचा वास माझ्या खोलीपर्यंत येतो, बाबा." मग त्यांनी दारापाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं, "निबंधात छापणार आहे मी. मोजणी: कुमारी हेस्टर ऑग्डेन."

हेस्टर ताठ मानेनं बाहेर आली. गिरणीतली पोर, आणि तिचं नाव छापून येणार होतं!

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच अंधार. पंचवीस मिनिटं उलटून गेली होती.

"हेस्टर, मी टिचकी मारली असती तर तू बुडाली असतीस."

"पण मारली नाहीस ना."

"मग... लग्न करशील माझ्याशी?"

स्टूल करकरलं. हेस्टर उठली आणि तिनं दार सताड उघडलं. उजेड भसकन आत आला. विल्फचे कान लालबुंद झाले होते.

"अगं, अर्धा तास गेला की!"

"जाऊ दे. स्वतः बघितल्याशिवाय मी काही सांगत नसते." तिनं त्याला डोळे भरून पाहून घेतलं, अगदी सावकाश. "हं, आता लिहून घे. हो."